बोगालुसाची आरागिरणी : जंगल पुन्हा लावणारी कंपनी आणि २२ नोव्हेंबर १९१९

१.
अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात, न्यू ऑर्लिन्सच्या उत्तरेस सुमारे शंभर किलोमीटरवर, पर्ल नदीजवळ बोगालुसा नावाचे एक छोटे शहर आहे. १९०८ पासून १९३८ पर्यंत तीस वर्षे या गावात ग्रेट सदर्न लंबर कंपनीची आरागिरणी चालली. आपल्या काळी ती जगातील सर्वांत मोठी आरागिरणी म्हणून प्रसिद्ध होती. आजचा धागा तिच्याविषयी. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

२.
बोगालुसाचा इतिहास सहसा तीन कप्प्यांत विभागून सांगितला जातो. उद्योगांचा इतिहास लिहिणारे गिरणीचा अवाढव्य आकार सांगतात. वनशास्त्राचे अभ्यासक या कंपनीने तोडलेल्या जंगलाच्या जागी पुन्हा रोपे लावली म्हणून तिचे कौतुक करतात. कामगार चळवळीचे अभ्यासक १९१९ मधील हत्यांविषयी लिहितात. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. माझा आक्षेप कप्प्यांना आहे. पुढच्या पिढीसाठी झाडे लावणे आणि संघटना बांधणाऱ्या कामगारांवर सशस्त्र जमाव घालणे, या दोन्ही गोष्टी एकाच निर्णयातून निघाल्या असे माझे मत आहे. तो निर्णय म्हणजे, ही कंपनी इथून हलणार नव्हती.

३.
प्रथम जंगल. अमेरिकेच्या आग्नेय भागात एके काळी सुमारे नऊ कोटी एकरांवर लाँगलीफ पाइनचे रान पसरले होते. हातभर लांब सुयांसारख्या पानांचा, तीनशे वर्षांहून अधिक जगू शकणारा हा वृक्ष. त्याच्या गाभ्याचे लाकूड राळेने भरलेले, जड आणि चिवट. जहाजे, पूल, कारखान्यांच्या तुळया यांसाठी त्याला मोठी मागणी असे.

४.
या झाडाची वाढण्याची रीत विलक्षण आहे. रोप उगवल्यावर कित्येक वर्षे ते गवताच्या झुबक्यासारखे जमिनीलगत बसून राहते. वर काहीच दिसत नाही. खाली मूळ खोल जात असते. रानात वणवा आला तर भोवतालची पाने जळतात, पण आतला कोंब सुरक्षित राहतो. अधूनमधून लागणारी आग ही त्या रानाची गरजच होती, कारण तिच्यामुळे इतर झाडोरा मागे राही. पुढे रोपे लावण्याचा प्रश्न आला तेव्हा ही सवय महत्त्वाची ठरली, म्हणून ती इथे नोंदवून ठेवतो.

५.
हे रान कंपन्यांच्या हाती कसे गेले? यादवी युद्धानंतर १८६६ मध्ये अमेरिकेच्या संसदेने दक्षिणेतील पाच राज्यांमधली सरकारी जमीन लहान शेतकऱ्यांसाठी राखून ठेवणारा कायदा केला. नुकतेच मुक्त झालेले गुलामही त्यात येत होते. लुइझियाना त्या पाचांपैकी एक. दहाच वर्षांनी, १८७६ मध्ये, तो कायदा रद्द झाला आणि एकराला सव्वा डॉलर अशा किरकोळ दराने जंगलांची घाऊक विक्री सुरू झाली. उत्तरेकडच्या सरोवरांच्या प्रदेशातील पाइन संपत आले होते. तिथल्या भांडवलदारांनी दक्षिणेकडे मोर्चा वळवला. जे रान एका पिढीपूर्वी मुक्त झालेल्यांना शेती म्हणून मिळू शकले असते, त्याच रानात त्यांची मुले रोजंदारीवर करवत ओढू लागली. माझ्या मते गिरणीची कथा इथून सुरू होते, पहिल्या ओंडक्यापासून नव्हे.

६.
ग्रेट सदर्न कंपनी १९०२ मध्ये स्थापन झाली. तिचे संस्थापक न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहराचे दोन भाऊ, फ्रँक आणि चार्ल्स गुडइयर. (टायरवाल्या कंपनीचा यांच्याशी संबंध नाही.) पेनसिल्व्हेनियातील हेमलॉकचे जंगल तोडून आणि त्यासाठी स्वतःचे लोहमार्ग टाकून त्यांनी संपत्ती मिळवली होती. आता त्यांनी लुइझियाना आणि मिसिसिपी या दोन राज्यांच्या सीमेवर लाखो एकर पाइनरान घेतले. तिथे ना गिरणी होती, ना गाव, ना रेल्वे. तिन्ही त्यांनी उभारले.

७.
गावाला नाव मिळाले ते तिथल्या ओढ्यावरून. चॉक्टॉ या मूलनिवासी लोकांच्या भाषेत ‘बोग लुसा’ म्हणजे काळ्या पाण्याचा ओढा. नाव तेवढे त्यांचे उरले.

८.
बांधकाम इतक्या झपाट्याने झाले की वृत्तपत्रांनी बोगालुसाला ‘जादूचे शहर’ म्हटले. घरे कंपनीची, दुकान कंपनीचे, दवाखाना कंपनीचा, पाहुण्यांसाठीचे हॉटेलही कंपनीचे. गोऱ्यांची वस्ती वेगळी, कृष्णवर्णीयांची वेगळी. धाकटा भाऊ फ्रँक गिरणी सुरू होण्यापूर्वीच, १९०७ मध्ये वारला. चार्ल्स १९११ मध्ये. प्रत्यक्ष कारभार पाहिला तो सर्वव्यवस्थापक विल्यम हेन्री सलिव्हन यांनी. १९१४ मध्ये बोगालुसाला रीतसर नगराचा दर्जा मिळाला, तेव्हा पहिले महापौर झाले तेही सलिव्हनच. म्हणजे कामावर ठेवणारा, घर देणारा आणि पोलिसांना हुकूम देणारा माणूस एकच.

९.
गिरणीकडे वळू. लाकूडव्यापारात आपल्याकडे घनफूट चालतो. अमेरिकेत ‘बोर्ड फूट’ चालतो. एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक इंच जाड फळी म्हणजे एक बोर्ड फूट. असे बारा मिळून एक घनफूट. बोगालुसाच्या गिरणीची क्षमता दिवसाला दहा लाख बोर्ड फूट सांगितली जाई. एवढ्या फुटी रुंद, इंची जाड फळ्या एकापुढे एक मांडल्या तर सुमारे तीनशे किलोमीटर होतात. मुंबईहून पुण्याला जाऊन परत यावे इतके, आणि ते रोज.

१०.
काम कसे चाले? रानातून आगगाडीने आलेले ओंडके प्रथम तळ्यात टाकत. पाण्यात माती धुऊन जाई, लाकडाला कीड व भेगा कमी पडत आणि टनावारी वजन एक माणूस लांब काठीने हलवू शके. तळ्यातून दातेरी साखळी ओंडका उचलून गिरणीत नेई. तिथे वाफेवर मागेपुढे धावणारा गाडा असे; ओंडका त्यावर जखडून पट्टाकरवतीवर सोडला जाई. करवतीच्या गोंगाटात बोलणे अशक्य, म्हणून मुख्य करवत्या बोटांच्या खुणांनी जाडी सांगे आणि गाड्यावर स्वार झालेला जोडीदार त्याप्रमाणे ओंडका पुढे सरकवी. पुढे कडा काढणे, लांबी कापणे, भट्टीत वाळवणे, रंधा मारणे. भुसा आणि साली बाष्पकांत जाळल्या जात. गिरणी स्वतःच्या कचऱ्यावर चाले.

११.
त्या गाड्यावर उभे राहणाऱ्याची बोटे, हात, कधी जीवही जाई. साखळीवरून येणाऱ्या ओल्या, जड फळ्या दिवसभर उचलून रचण्याचे काम सर्वांत कष्टाचे आणि कमी मजुरीचे; दक्षिणेतील गिरण्यांमध्ये ते बहुधा कृष्णवर्णीयांच्या वाट्याला येई. करवत्या गोरा असे. ही वाटणी लक्षात ठेवावी. धाग्याच्या शेवटी तिच्याकडे परत यायचे आहे.

१२.
त्या काळी दक्षिणेतील लाकूडधंद्याची सर्वसाधारण रीत ‘तोडा आणि निघा’ अशी होती. आठ-दहा, फार तर वीस वर्षांत भोवतालचे रान संपवायचे, गिरणीची यंत्रे उचलायची आणि पुढच्या रानात जायचे. ओंडके ओढण्यासाठी वाफेची यंत्रे आली. तारेच्या दोराने ओंडका फरफटत आणताना वाटेतले प्रत्येक कोवळे रोप चिरडले जाई. मागे उरत खुंटांची मैदाने आणि ओस पडलेली गावे.

१३.
याला केवळ हावरेपणा म्हणून सोडून देणे सोपे आहे, पण त्यामागे हिशेब होता. जंगल विकत घेण्यासाठी कंपन्यांनी रोखे काढून कर्ज उभारलेले असे. व्याज दर वर्षी द्यावे लागे. शिवाय उभ्या झाडांवर दर वर्षी मालमत्ताकर बसे. झाड उभे ठेवणे म्हणजे दर वर्षी खर्च, पाडणे म्हणजे उत्पन्न. अशा व्यवस्थेत शहाणा माणूसही कुऱ्हाडच चालवतो.

१४.
या हिशेबाविरुद्ध लुइझियानातच एक माणूस उभा राहिला. युरेनिया या गावच्या लाकूड कंपनीचे मालक हेन्री हार्टनर. राज्याने १९१० मध्ये असा कायदा केला की, मालकाने जमीन पुन्हा झाडोऱ्याखाली आणण्याचा करार केल्यास तिच्यावरचा कर कमी ठरावीक दराने घेतला जाईल. हार्टनर यांचा या प्रयत्नात पुढाकार होता. दक्षिणेतील वनशास्त्राचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. ग्रेट सदर्नने त्यांचाच कित्ता मोठ्या प्रमाणावर गिरवला.

१५.
भारतीय वाचकांसाठी थोडे विषयांतर. अमेरिकेच्या वनखात्याचे पहिले प्रमुख गिफर्ड पिंचो तरुणपणी युरोपात शिकायला गेले, तेव्हा त्यांना मार्गदर्शन लाभले ते डिट्रिच ब्रँडिस या जर्मन वनशास्त्रज्ञाचे. हे ब्रँडिस म्हणजे ब्रह्मदेशातील सागवानाच्या रानांची व्यवस्था लावून १८६४ मध्ये हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झालेले गृहस्थ. किती झाडे तोडायची ते मोजून ठरवावे, जंगल पिढ्यान्‌पिढ्या टिकवून उत्पन्न घ्यावे, ही शिस्त त्यांनी इथे अमलात आणली होती. त्या शिस्तीत इथल्या वनवासींचे हक्क कसे गेले, तो वेगळ्या धाग्याचा विषय. पण दीर्घकाळाचा विचार करणारे वनशास्त्र आणि त्या वनात राबणाऱ्या माणसांवरचा कडक अंमल हे दोन्ही हातात हात घालून चालतात, हे बोगालुसाच्या आधी आपण आपल्या अंगणात पाहिले होते.

१६.
आता बोगालुसा. १९२० च्या दशकाच्या आरंभी कंपनीने तोडलेल्या जमिनीवर हाताने रोपे लावण्यास सुरुवात केली. मुख्य वनरक्षक एफ. ओ. बेटमन यांनी रोपवाटिकेची, रोप उपटण्याची व लावण्याची व्यवहारी पद्धत बसवली. सरकारी संशोधन केंद्राचे तरुण वनशास्त्रज्ञ फिलिप वेकली १९२४ पासून तिथे प्रयोग करू लागले. दक्षिणी पाइनच्या लागवडीवरचा त्यांचा पुढे १९५४ मध्ये आलेला ग्रंथ अनेक दशके प्रमाण मानला गेला. मोकाट डुकरे रोपांची गोड मुळे उकरून खात, म्हणून मैलोगणती कुंपणे घालावी लागली. हजारो एकर जमीन पुन्हा हिरवी झाली. हे काम खरे आहे आणि मोठे आहे. त्याला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही.

१७.
मात्र जे लावले गेले ते जुने रान नव्हते. गवतासारखे वर्षानुवर्षे बसून राहणारे लाँगलीफ हिशेबात बसेना. लावले गेले ते बहुतांशी झटपट वाढणारे स्लॅश आणि लोब्लोली पाइन, जे पंचवीस-तीस वर्षांत लगद्यासाठी तयार होते. गावात १९१८ मध्येच कागदाची गिरणी निघाली होती. म्हणजे कंपनीने आपले पुढचे आयुष्य ठरवून टाकले होते : आज फळ्या, उद्या कागद, आणि गाव तेच.

१८.
माझ्या युक्तिवादाचा कणा इथे आहे. ‘तोडा आणि निघा’ म्हणणाऱ्या कंपनीला कामगार संघटनेची भीती मर्यादित असते. संप झाला तर ती तंबू दोन वर्षे आधी गुंडाळते. ज्या कंपनीला याच गावात, याच जमिनीवर, याच मजुरांच्या मुलांकडून पुढची पन्नास वर्षे काम करून घ्यायचे आहे, तिला मजुरी कोण ठरवणार हा प्रश्न कायमचा निकालात काढावा लागतो. ग्रेट सदर्नने तो रोपलागवडीच्या थोडा आधी निकालात काढला.

१९.
पार्श्वभूमी अशी. १९१० मध्ये लुइझियानाच्या पश्चिम भागात लाकूड कामगारांची ‘ब्रदरहुड ऑफ टिंबर वर्कर्स’ ही संघटना उभी राहिली. तिने गोऱ्या आणि कृष्णवर्णीय दोघांनाही सभासद केले. १९१२ मध्ये अलेक्झांड्रिया येथील अधिवेशनात बिल हेवूड या कामगार नेत्याने दोन्ही वर्णांच्या प्रतिनिधींना एकाच सभागृहात बसवण्याचा आग्रह धरला. त्याच वर्षी जुलैमध्ये ग्रॅबो येथे गोळीबार झाला, माणसे मेली, आणि मालकांच्या संघाने काळ्या याद्या व टाळेबंदी यांच्या बळावर ती संघटना मोडून काढली.

२०.
पहिल्या महायुद्धाने चित्र पालटले. लाखो कृष्णवर्णीय उत्तरेकडच्या कारखान्यांत गेले, दक्षिणेत मजूर मिळेनात, मजुरी चढली. १९१९ मध्ये बोगालुसात दोन संघटनांनी भरती सुरू केली : सुतारांची आणि लाकूड कामगारांची. कृष्णवर्णीयांची शाखा वेगळी होती, तिचे प्रमुख सॉल डेकस. गोऱ्या नेत्यांपैकी लम विल्यम्स हे गावातील सर्व संघटनांच्या मध्यवर्ती मंडळाचे अध्यक्ष. त्यांना वर्णसमतेचे पुजारी ठरवण्याची घाई करू नये. त्यांचा हिशेब सरळ होता : कृष्णवर्णीय कामगार संघटनेबाहेर राहिले, तर मालक संप त्यांच्याच हातून मोडणार. पण त्या हिशेबाने त्यांना जिथे नेऊन उभे केले, तिथे त्या काळच्या दक्षिणेत फार थोडे गोरे पोहोचले होते.

२१.
ते वर्ष कोणते होते हेही पाहावे. १९१९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या अनेक शहरांत कृष्णवर्णीयांवर हल्ले झाले. त्या काळाला ‘रक्तरंजित उन्हाळा’ हे नाव पडले. खुद्द बोगालुसात ३१ ऑगस्ट रोजी ल्युशियस मॅकार्टी या सैन्यातून परतलेल्या कृष्णवर्णीय तरुणाला जमावाने ठार केले. सप्टेंबरच्या अखेरीस शेजारच्या आर्कान्सॉ राज्यात, एलेन येथे, शेतकुळांनी संघटना बांधली म्हणून मोठे हत्याकांड झाले. अशा दिवसांत डेकस आणि विल्यम्स सभासद नोंदवत होते.

२२.
कंपनीच्या बाजूने ‘सेल्फ-प्रिझर्व्हेशन अँड लॉयल्टी लीग’ नावाची सशस्त्र टोळी उभी राहिली. आत्मरक्षण आणि निष्ठा ही तिच्या नावातली दोन मूल्ये. निष्ठा कोणाशी, हे त्या गावात विचारावे लागत नव्हते. २१ नोव्हेंबरच्या रात्री जमाव डेकस यांच्या घरावर चालून गेला. घरावर गोळ्या झाडल्या गेल्या. डेकस दलदलीत लपून वाचले.

२३.
२२ नोव्हेंबरला सॉल डेकस बोगालुसाच्या रस्त्यावरून उघडपणे चालत आले. त्यांच्या दोन्ही बाजूंना हाती बंदुका घेतलेले दोन गोरे कामगार होते. हे दृश्य क्षणभर डोळ्यांसमोर आणावे. ज्या राज्यात आगगाडीचा डबाही वर्णानुसार वेगळा होता, तिथे दोन गोरे एका कृष्णवर्णीय माणसाचा जीव वाचवण्यासाठी सशस्त्र होऊन भर रस्त्यात चालत होते. गिरणीच्या मालकांना याहून भयंकर दृश्य दुसरे कोणते वाटले असेल, असे मला वाटत नाही.

२४.
ते विल्यम्स यांच्या मोटारदुरुस्तीच्या गॅरेजकडे गेले. संघटनेचे कामकाज तिथूनच चाले. थोड्याच वेळात टोळी तिथे पोहोचली. गोळीबारात लम विल्यम्स आणि त्यांचे तीन गोरे सहकारी यांचे प्राण गेले. हल्लेखोरांनी नंतर सांगितले की आपण अटक करायला गेलो होतो आणि आतून विरोध झाला. संघटनेच्या लोकांनी सांगितले की विल्यम्स दारात येताच त्यांना गोळी घातली. डेकस निसटले आणि न्यू ऑर्लिन्सला पोहोचले.

२५.
या घटनेला जुन्या वर्णनांत ‘दंगल’ म्हटलेले आढळते. हा शब्द मला मान्य नाही. दंगलीत दोन जमाव असतात. इथे एका बाजूला गावाची सत्ता हाती असलेल्यांचा सशस्त्र जमाव होता आणि दुसऱ्या बाजूला गॅरेजमध्ये जमलेली मूठभर माणसे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने शब्द तपासून वापरावेत. ‘दंगल’ म्हटले की जबाबदारी सर्वांत सारखी वाटली जाते आणि मग ती कोणाचीच राहत नाही.

२६.
हत्येबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही. विल्यम्स यांच्या विधवा पत्नीने कंपनीवर नुकसानभरपाईचा दावा लावला. तो वर्षानुवर्षे चालला आणि १९२८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. गावातली संघटना मात्र त्या दुपारीच संपली होती. तिच्यानंतर रोपवाटिका बहरल्या.

२७.
१९२९ मध्ये सलिव्हन वारले. त्याच वर्षी नोव्हेंबरात न्यूयॉर्कमध्ये आधुनिक कलेचे प्रख्यात संग्रहालय उघडले, ज्याला आज जग ‘मोमा’ म्हणून ओळखते. त्याचे पहिले अध्यक्ष ए. काँगर गुडइयर, चार्ल्स यांचे चिरंजीव आणि तेव्हाचे ग्रेट सदर्न लंबर कंपनीचे अध्यक्ष. यात मला कुठलाही कट दिसत नाही. पैसा असाच फिरतो. पण संग्रहालयाच्या इतिहासात बोगालुसाचे नाव आणि बोगालुसाच्या इतिहासात संग्रहालयाचे नाव एकत्र वाचायला मिळाले तर दोन्ही इतिहास अधिक प्रामाणिक होतील.

२८.
१९३८ मध्ये आरागिरणी बंद झाली. जुने लाँगलीफ संपले होते. नवे पाइन कागदासाठी तयार होत होते. इतर लाकूडगावे जिथे ओस पडली, तिथे बोगालुसा टिकले, आणि याचे श्रेय लागवडीला दिलेच पाहिजे. कागदाची गिरणी आधी गेलॉर्ड आणि १९५५ मध्ये क्राउन झेलरबाख या कंपनीकडे गेली. १९६० च्या जनगणनेत गावाची वस्ती एकवीस हजारांवर होती. आज ती त्याच्या निम्म्याच्या आसपास आहे.

२९.
१९६५ मध्ये बोगालुसा पुन्हा देशभर गाजले. नागरी हक्कांसाठी मोर्चे काढणाऱ्या कृष्णवर्णीयांवर कू क्लक्स क्लॅनचे हल्ले होत होते. तेव्हा संरक्षणासाठी ‘डीकन्स फॉर डिफेन्स’ या सशस्त्र गटाची शाखा गावात उभी राहिली. तिच्यात पुढाकार घेणाऱ्या रॉबर्ट हिक्स यांच्यासारख्यांची रोजीरोटी कागदाच्या गिरणीवर होती. २ जून १९६५ रोजी वॉशिंग्टन परगण्यातील पहिल्या कृष्णवर्णीय पोलीस अधिकाऱ्यांपैकी एक, ओनिल मूर, यांचा गस्तीवर असताना खून झाला. त्यांच्याही मारेकऱ्यांना शिक्षा झाली नाही. पण या वेळी संरक्षणासाठी बंदूक धरलेले हात सगळे कृष्णवर्णीयांचे होते. १९१९ मध्ये डेकस यांच्या शेजारून चाललेल्या त्या दोन गोऱ्या कामगारांचे वारस रस्त्यावर नव्हते.

३०.
ते कुठे होते, याचे उत्तर एका खटल्यात आहे. कागदाच्या गिरणीत चांगली कामे गोऱ्यांची, हलकी व अवजड कामे कृष्णवर्णीयांची, ही आरागिरणीच्या दिवसांतली वाटणी तशीच चालू होती. संघटना होती, पण वर्णानुसार दोन शाखांची : गोऱ्यांची शाखा १८९ आणि कृष्णवर्णीयांची १८९-ए. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर बढतीची दारे कागदोपत्री उघडली. मात्र ज्येष्ठता मोजताना गिरणीतली एकूण नोकरी धरण्याऐवजी त्या विशिष्ट कामावरची वर्षेच महत्त्वाची मानली जात. ज्या कामावर कृष्णवर्णीयांना कधी येऊच दिले नव्हते, त्या कामावरची त्यांची वर्षे अर्थातच शून्य.

३१.
केंद्र सरकार न्यायालयात गेले. १९६९ मध्ये पाचव्या विभागीय अपील न्यायालयाने न्यायमूर्ती जॉन मायनर विस्डम यांच्या निकालाद्वारे ही पद्धत बेकायदा ठरवली. अमेरिकेच्या रोजगारविषयक कायद्यात हा खटला आजही शिकवला जातो. त्याच्या शीर्षकात सरकारच्या विरुद्ध बाजूला जे नाव आहे ते कंपनीचे नाही. ते कागद कामगार संघटनेच्या शाखा १८९ चे, म्हणजे बोगालुसाच्या गोऱ्या कामगारांचे आहे. लम विल्यम्स यांच्या मृत्यूला तेव्हा पन्नास वर्षे झाली होती.